सहा रजा आणि काळं पाणी

सर्फिंग शिकायचं, तेही लिटल अंदमानला, तेही पावसाच्या तोंडावर! गेल्या वर्षी सपशेल आपटलेल्या ट्रिपची ही यंदाची तयारी...

‘‘अंदमानला? लोक तिथं शिक्षा म्हणून जायचे. तू रजा टाकून चाललीयस?’’

आजोबांचा हा डायलॉग आता आमच्या घरात म्हणीसारखा वापरला जातो. त्यांच्या पिढीसाठी अंदमान म्हणजे सेल्युलर जेल, १९११ साली तिथं नेलेले सावरकर आणि काळं पाणी. तिथल्या विमानतळाला सावरकरांचंच नाव आहे म्हटल्यावर ते जरा नरमले. पण लगेच पुढचा प्रश्न आलाच, ‘‘आणि फळी कशाला लागते तिथं?’’

फळी म्हणजे सर्फबोर्ड. आठ फुटी, मऊ फोमचा, शिकाऊ लोकांसाठीचा. गेल्या वर्षी गोव्यातल्या एका ओळखीच्या माणसाकडून तो उसना आणला आणि सोसायटीच्या लिफ्टमध्ये मावेना म्हणून चार मजले जिन्यानं चढवला. वॉचमन काकांनी विचारलं, ‘‘मॅडम, इस्त्रीचं टेबल एवढं मोठं?’’

आम्ही तिघं. मी हिंजवडीतली, दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारी. माझी रूममेट, जी फिरायला जायचं म्हटलं की आधी एक्सेल शीट उघडते, म्हणून ग्रुपवर तिचं नाव ‘शीट’. आणि आमचा कॉलेजपासूनचा मित्र, सीए, त्याचं नाव ग्रुपवरही ‘सीए’च. तिघांचीही तिशी जवळ आलेली, तिघांचीही मान आखडलेली आणि तिघांनीही एकाच शुक्रवारी रात्री एकच सर्फिंगचा व्हिडिओ बघितलेला. एवढ्या भांडवलावर आम्ही ठरवलं, की लिटल अंदमानला जाऊन लाटांवर उभं राहायचं.

गोवा का नाही, हा प्रश्न सगळ्यांनी विचारला. गोव्यात आश्वेला, आगोंदला सर्फिंग शिकवतात, छान शिकवतात. पण गोव्याला गेलं की गोवाच होतो यार! सकाळी सातची बॅच आपण साडेअकराला उठून चुकवतो. आम्हाला असं ठिकाण हवं होतं जिथं लाटेखेरीज करण्यासारखं काहीच नाही.

चौपट पावसाचं बेट

लिटल अंदमान हे पोर्ट ब्लेअरच्या दक्षिणेला सव्वाशेएक किलोमीटरवर. (पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ पासून श्री विजय पुरम झालंय, पण तिकीट काढताना आपल्या तोंडी जुनंच येतं.) बेट सातशेएक चौरस किलोमीटरचं. त्याच्या खाली दहा अंशांची खाडी आणि त्यापलीकडे थेट निकोबार. बेटावर विमानानं जाता येत नाही. हेलिकॉप्टर आहे, पण त्यात पहिला हक्क बेटावरच्या लोकांचा आणि पेशंटचा, आणि तो तसाच असायला हवा. मग उरतं सरकारी जहाज. सहा ते आठ तास, समुद्राच्या मूडप्रमाणे. उतरायचं हट बे नावाच्या धक्क्यावर आणि तिथून उत्तरेला चौदाएक किलोमीटरवर बटलर बे. आमचा सगळा खटाटोप त्या एका किनाऱ्यासाठी.

१९९८ मध्ये जॉन कॅलाहन नावाचा फोटोग्राफर काही सर्फर्सना घेऊन थायलंडहून बोटीनं अंदमानात आला आणि तिथल्या लाटांचे फोटो जगभरच्या सर्फिंगवाल्यांनी बघितले. त्यांना खरी भुरळ पडली ती बेटाच्या नैर्ऋत्येकडच्या कुमारी पॉइंटची. ती लाट प्रवाळावर फुटते, जोरात फुटते, आणि तिथं जायला बोट लागते. आमच्यासारख्यांनी तिचा फोटो वॉलपेपर म्हणून लावावा आणि बटलर बेच्या वाळूवर गप शिकावं.

आता पाऊस. पोर्ट ब्लेअरला वर्षाकाठी साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे आपल्या पुण्याच्या जवळपास चौपट. नैर्ऋत्य मोसमी वारे देशात सगळ्यात आधी पोचतात ते याच भागात, आणि ते परतल्यावर ईशान्येचे वारे आणखी पाऊस आणतात. कोरडे म्हणावेत असे महिने जानेवारी ते मार्च, फार तर एप्रिलचा अर्धा.

इथेच खरी गोची आहे. ऊन असतं तेव्हा लाट नसते.

अंदमानातली चांगली लाट तिथली नसतेच मुळी. ती जन्मते दक्षिण हिंदी महासागरात, विषुववृत्ताच्या खाली चाळीस-पन्नास अक्षांशांवर, जिथं वादळं एकामागून एक फिरत असतात. तिथून ती पाण्यातून हजारो किलोमीटर चालत येते. मी ऑफिसात डिप्लॉयमेंट चालू असताना याचा हिशेब केला. दोन लाटांमध्ये सोळा सेकंदांचं अंतर असेल, तर असा लाटांचा जथा खोल समुद्रात ताशी साधारण ४५ किलोमीटरनं पुढं सरकतो. सहा हजार किलोमीटरला साडेपाच दिवस. म्हणजे आपण शनिवारी ज्या लाटेवर उभं राहणार (किंवा पडणार), ती सोमवारी आपण टाइमशीट भरत होतो तेव्हाच निघालेली असते. ही वादळं मार्च-एप्रिलपासून जोर धरतात आणि आपल्या पावसाळ्यात ऐन भरात असतात. नेमका तेव्हाच बेटावर पाऊस कोसळतो, वारा सुटतो आणि जहाजं बंद पडतात.

बटलर बेचं एक बरं आहे. तो बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. दक्षिणेकडून येणारी लाट बेटाला वळसा घालून आत येते, त्यामुळे तिचा जोर थोडा कमी होतो. आणि नैर्ऋत्येचा वारा तिथं जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, त्यामुळे लाटेचा पुढचा भाग गुळगुळीत राहतो, विस्कटत नाही. हे वाचलं तेव्हा आम्हाला वाटलं, झालं की काम! पावसाळ्याच्या अगदी तोंडावर जायचं, लाट पण मिळेल आणि पाऊस पण सुरू झालेला नसेल. शीटनं तारखा टाकल्या. १६ मे ते २२ मे, २०२५. सात दिवस, पाच रजा, एकही दिवस फुकट नाही.

लॉजच्या गॅलरीत सर्फिंग

अंदमानच्या समुद्रात मान्सून एरवी मेच्या तिसऱ्या आठवड्यात येतो. २०२५ मध्ये तो १३ मेलाच आला. आम्ही १६ तारखेला उतरलो तेव्हा पोर्ट ब्लेअर असं गदगदून बरसत होतं की विमानातून टर्मिनलपर्यंत जाताना माझा मोबाइल खिशातच भिजला. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर गेलो तर समुद्र खवळलेला म्हणून त्या दिवशीचं जहाज सुटणार नव्हतं. त्याच्या पुढच्या दिवशीचंही नाही. तिसऱ्या दिवशी सुटेल असं कळलं, पण दोन दिवस अडकून पडलेले बेटावरचे लोक रांगेत होते. बाळंतपण करून घरी निघालेली बाई होती. परीक्षा देऊन परतणारी पोरं होती. त्यांच्यापुढे आठ फुटी फोमची फळी घेऊन तिकीट मागायची आम्हाला लाज वाटली. मागितलं असतं तरी मिळालं नसतं, ही गोष्ट वेगळी.

पाच दिवस आम्ही लॉजच्या गॅलरीत फळी ठेवून तिच्यावर उठण्याची प्रॅक्टिस केली. पोटावर झोपायचं, हात छातीशी, एका झटक्यात दोन्ही पायांवर. याला पॉप-अप म्हणतात. खालच्या टपरीवरचा चहावाला वर बघून आकडे मोजायचा. सेल्युलर जेल दोनदा बघून झालं. परत येताना विमानात सीए म्हणाला, ‘‘माणशी अडतीस हजार रुपये आणि पाण्याला पाय नाही लागला.’’ त्यावर आम्ही तिघंही खूप हसलो.

तेव्हा हसलो ते बरं झालं. कारण नंतर जे कळलं, ते कळल्यावर हसता आलं नाही.

मुल्कीचा नोव्हेंबर

परत आल्यावर शीट म्हणाली, आधी शिकू या, मग जाऊ या. कर्नाटकात मंगळुरूच्या अलीकडे मुल्की म्हणून गाव आहे. भारतातल्या सर्फिंगची सुरुवात जिथं झाली त्या ठिकाणांपैकी एक. मुंबईहून मत्स्यगंधा एक्स्प्रेस दुपारी निघते आणि मुल्कीला थांबते, म्हणजे शुक्रवारी अर्धा दिवस टाकला की शनिवारी सकाळी तुम्ही पाण्यात. नोव्हेंबरात आम्ही गेलो.

फॉर्मवर पहिलाच प्रश्न होता, पोहता येतं का? तिघांनीही ‘हो’वर टिक केली.

मी लहानपणी पोहायला शिकलेय, शीट तर कॉलेजच्या टीममध्ये होती. सीएनं ‘हो’ लिहिलं तेव्हा मी त्याच्या शेजारीच बसले होते. मला काही वेगळं वाटलं नाही. दहा वर्षांत मी त्याला कधी पोहताना बघितलं नव्हतं, हे मला त्या क्षणी आठवलंसुद्धा नाही.

छातीभर पाणी होतं. पहिल्या दोन लाटांवर तो पोटावर झोपून छान पुढं आला, ओरडला वगैरे. तिसऱ्या लाटेला फळी उलटली. एरवी काय होतं, तुम्ही पडता, वर येता, पायाला बांधलेली दोरी ओढून फळी जवळ घेता. सीए वर आला, पण पाय टेकवायला गेला तिथं वाळूत खळगा होता. मी वीसएक फुटांवर होते. तो ओरडला नाही. हात वर केला नाही. नुसतं तोंड वर आणि डोळे विस्फारलेले, आणि हात पाण्यावर दाबल्यासारखे. मला वाटलं गंमत करतोय. मी हसले. खरंच हसले. इन्स्ट्रक्टर माझ्या बाजूनं सुसाट गेला आणि त्यानं मागून काखेत हात घालून त्याला फळीवर आडवं टाकलं. सगळा प्रकार अर्ध्या मिनिटाचा असेल.

बुडणारा माणूस सिनेमात आरडाओरडा करतो, खऱ्यात बहुतेक वेळा गप्प असतो, कारण ओरडायला आधी श्वास लागतो. हे मला इन्स्ट्रक्टरनं नंतर किनाऱ्यावर नारळपाणी पिताना सांगितलं. सीए तेव्हा टॉवेल गुंडाळून लांब बसला होता.

रात्री तो बोलला. सोसायटीच्या पूलमध्ये तो पाच फुटांच्या बाजूला उभा राहायचा, बस. कॉलेजमध्ये सगळ्यांना येतं म्हणून ‘मला पण येतं’ असं एकदा म्हणून गेला आणि मग ते तसंच चालत राहिलं. मेमध्ये सुद्धा तो असाच आला होता. शीटनं शांतपणे विचारलं, ‘‘जहाज सुटलं असतं तर?’’ तो काहीच बोलला नाही. मीही नाही. कारण मेमध्ये निघताना त्यानं मला विचारलं होतं, तिथं लाइफ जॅकेट मिळेल ना? आणि मी म्हणाले होते, अरे जॅकेट कसलं, फळी असते की आपल्याला!

आईचं म्हणणं

मुल्कीचा किस्सा मी घरी सांगितला नाही. पण आईला कसं कोण जाणे, वास लागतो. एक दिवस भाजी निवडता निवडता म्हणाली, ‘‘ते मुरुडचं आठवतं ना?’’ २०१६ च्या फेब्रुवारीत पुण्यातल्या कॉलेजची मुलं मुरुडच्या समुद्रात बुडाली होती. त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत टीव्हीच्या आवाजाशिवाय कसलाच आवाज नव्हता. त्यानंतर कितीतरी घरांमध्ये समुद्राचा एकच नियम झाला, गुडघ्याच्या वर जायचं नाही. आई वाईट सांगत नाही. भरती-ओहोटीचं टाइमटेबल न बघता, पोहता येत नसताना, ग्रुपनं पाण्यात उतरणं हे आपल्याकडे दर सुट्टीत घडतं. आम्ही फक्त तेच फळी घेऊन करायला निघालो होतो, तेही अशा जागी जिथून मोठं हॉस्पिटल सात तासांच्या जहाजावर आहे.

मी तिला एवढंच म्हटलं, की यंदा सगळं शिकून जाणार. ती म्हणाली, ‘‘तो सीए पण?’’

यंदाची शीट

तर मंडळी, यंदाचा प्लॅन. आधी तारखा. एप्रिलचा मध्य. लाटा सुरू झालेल्या असतात, मोठ्या नसतात आणि पाऊस अजून सरींवर असतो. १४ एप्रिलची सुट्टी मध्ये गुंफून सहा रजांत अकरा दिवस. त्यातले फक्त पाच दिवस बटलर बेचे. बाकीचे प्रवासाचे आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन दिवस जहाज चुकलं तर राखून ठेवलेले. गेल्या वर्षी ‘एकही दिवस फुकट नाही’ म्हणून नाचलेली शीट यंदा स्वतःहून चार दिवस रिकामे ठेवते, यावरून काय ते समजा. माझ्या मॅनेजरनं विचारलं, अकरा दिवस? मी म्हटलं, चार दिवस बफर आहे. तो शब्द त्याला लगेच पटला.

विमानाला आधी फोन करायचा. फळीची लांबी सांगायची. काही विमानांत आठ फूट मावत नाही, मावलं तर वेगळे पैसे. म्हणून यंदा फळी नेत नाही, तिथेच भाड्यानं घेणार. सोबत फक्त पायाची दोरी, गरम पाण्यासाठीचं वॅक्स, पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड आणि प्रवाळावर पाय पडला तर म्हणून रबरी बूट. जहाजाची तिकिटं सुटायच्या थोडेच दिवस आधी मिळतात आणि बेटावरच्या लोकांना प्राधान्य असतं, त्यामुळे विमानाचं आणि जहाजाचं एकाच दिवशी जुळवायचा हट्ट सोडायचा. कॅश पुरेशी न्यायची. इंटरनेट आता बरं आहे. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल २०२० मध्ये सुरू झाली आणि ती लिटल अंदमानपर्यंत जाते. पण जहाजावर रेंज नाही, हे ऑफिसला आधीच सांगून ठेवलंय. (मुद्दाम जरा जोरात सांगितलं.)

डॉक्टरकडे जाऊन आलो. मलेरियाचं विचारलं, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. प्रवाळानं कापलं तर जखम लगेच स्वच्छ पाण्यानं नीट धुवायची, कितीही झोंबलं तरी, कारण त्या दमट हवेत ती चिघळते. आणि मगरी. हो, मगरी! खाऱ्या पाण्यातल्या, मोठ्या. त्या खाड्यांमध्ये, ओढ्यांच्या तोंडाशी असतात. सकाळी अगदी अंधारात किंवा दिवेलागणीला पाण्यात उतरायचं नाही आणि किनाऱ्यावरचा माणूस ‘तिकडे नको’ म्हणाला की का म्हणून विचारत बसायचं नाही.

लाटेचा अंदाज बघायला मी आता रोज शिकतेय. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था समुद्राचा अंदाज फुकट देते. पूर्वी मी फक्त उंची बघायचे. आता आधी सेकंद बघते. एक मीटरची लाट सहा सेकंदांची असेल तर ती जवळच्या वाऱ्यानं उठवलेली, थोडक्यात आटोपणारी. तीच एक मीटर पंधरा सेकंदांची असेल, तर ती लांबून आलेली असते, तिच्यामागे बरंच पाणी असतं, आणि किनाऱ्याशी आल्यावर ती आकड्यापेक्षा बरीच उंच उभी राहते. मेमध्ये आम्ही ‘एकच मीटर आहे की’ म्हणून खूश होतो. सेकंदांचा रकाना कुणीच बघितला नव्हता.

ओढीचंही शिकलो. फुटलेल्या लाटांचं पाणी एखाद्या पट्ट्यातून जोरात परत समुद्रात जातं. नेमकी तीच जागा किनाऱ्यावरून शांत दिसते आणि लोक तिथंच उतरतात. त्यात सापडलं तर किनाऱ्याकडे तोंड करून हातपाय मारायचे नाहीत. फळी सोडायची नाही, किनाऱ्याला समांतर सरकायचं, ओढ संपली की मग आत यायचं.

आणखी एक रकाना आहे, तो माझ्या आग्रहानं घातलाय. बेटाचा मोठा भाग ओंगे लोकांसाठी राखीव आहे. ओंगे म्हणजे या बेटाचे मूळ रहिवासी. २०११ च्या जनगणनेत ते एकशे एक होते. २००४ च्या २६ डिसेंबरला त्सुनामी आली तेव्हा हट बे उद्ध्वस्त झालं, पण ओंगे समुद्र मागं हटताना बघून उंचावर निघून गेले आणि वाचले. हट बेच्या बाजूची वस्ती बरीचशी नंतरची, पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची, निकोबारी लोकांची. आपण भारतीय असलो तरी राखीव भागात जायला बंदी आहे. नेटवर काही महाभाग ‘बोटवाल्याला पटवा, पलीकडच्या लाटा रिकाम्या असतात’ असं लिहितात. पटवायचं नाही. रिकाम्या आहेत त्या राहू देत.

सोळा फेऱ्या

आणि सीए. मुल्कीहून परतताना ट्रेनमध्ये आमचं भांडण झालं. शीटचं म्हणणं, त्याला न्यायचंच नाही. तो खोटं बोलला हे तिला लागलं होतं, बुडता बुडता वाचला ते नंतर. मी म्हटलं, येऊ दे ना, किनाऱ्यावर बसेल, फोटो काढेल. शीट म्हणाली, ‘‘पाच दिवस नुसता बघत बसेल तो? तुला वाटतं?’’ रत्नागिरीपर्यंत कुणीच कुणाशी बोललं नाही. मग सीएनंच वरच्या बर्थवरून खाली डोकावून अट घातली. न थांबता चारशे मीटर पोहायचं आणि खोल पाण्यात दहा मिनिटं पाय न टेकता तरंगायचं. मार्चअखेरपर्यंत जमलं तर पाण्यात उतरणार. नाही जमलं तर तो येणारच नाही, तिकीट आम्ही दोघींचीच काढायची.

डिसेंबरपासून तो महापालिकेच्या तलावावर सकाळी सहाच्या बॅचला जातोय. पुण्यातला डिसेंबर, सकाळचे सहा आणि तलावाचं पाणी! शेजारच्या लेनमध्ये आठ-आठ वर्षांची पोरं सूर मारतात आणि हा कठड्याला धरून पाय मारतो. पहिल्या आठवड्यात त्याचा ऑडिओ मेसेज आला, त्यात फक्त दात वाजल्याचा आवाज होता. शीटनं तो ऐकला, पण उत्तर दिलं नाही.

पंचवीस मीटरची एक फेरी, म्हणजे चारशेला सोळा. जानेवारीत तो चारवर होता. मग सहा. संक्रांतीनंतर बरेच दिवस सहावरच अडकला, श्वास पुरेना. शेवटी शीटच एका रविवारी उठून तलावावर गेली आणि म्हणाली, तू तोंड वर काढून पोहतोयस, मान आत घाल. त्या दोघांचं माझ्यासमोर तरी बाकी काही बोलणं झालं नाही. पुढच्या आठवड्यात तो नऊवर गेला. तरंगायचं मात्र आधीच जमलं. तो म्हणतो, त्यात काहीच करायचं नसतं म्हणून.

आईनं भाजणी दिलीय, मेतकूट दिलंय आणि ‘तिघांना पुरेल एवढं आहे’ असं दोनदा सांगितलंय.

काल सकाळी सव्वासातला ग्रुपवर मेसेज आला. नुसता आकडा, १३. मी अंगठा पाठवला. शीटनं काहीच पाठवलं नाही. दुपारी जेवताना मी तिची शीट उघडून बघितली, तर विमानाच्या तिकिटांच्या रकान्यात तिनं ‘दोन’ खोडून ‘तीन’ केलं होतं आणि त्याच्यापुढे कंसात लिहिलं होतं, ‘कॅन्सल करता येणारं’.